सैल चेन

डिचोलीहून घरच्या वापरासाठी पेट्रोलवरची करवत आणली, तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं, नवी चेन थोडं कापल्यावर सैल पडते, ती ताणून घ्या. मी आळस केला आणि करवत तशीच धाकट्या भावाला दिली.

परसात तो वाऱ्याने पडलेलं फणसाचं झाड कापत होता. चहा पिताना मला चेन आठवली, तेवढ्यात करवतीचा आवाज थांबला. पाना उचलून मी अनवाणी धावलो.

तो ओंडक्यावर बसला होता. पँट मांडीवर फाटली होती, पण रक्त नव्हतं.

“धावतंस कित्याक रे दादा? चेन तेवढी सुटली.”

“ती सैल होती. मला ठाऊक होतं.”

त्याचं हसू गेलं. “आनी सांगलं नाय?”

माझ्या हातातला पाना घेऊन तो स्वतःच चेन बसवू लागला. मला तिथे उभंही राहवेना आणि जाताही येईना.