नाळ आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा

आमच्या वसाहतीत कारखान्याच्या भोंग्यावर कुकर चढत, मुलं खेळून परतत. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, भोपाळला आले, तेव्हा बाळाची वेळही त्याच भोंग्याशी येऊन ठेपेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

माझ्या अंगात रक्त कमी होतं. वसाहतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की बाळ बाहेर आल्याबरोबर नाळ कापणार नाही. ती नाडीसारखी उडायची थांबेपर्यंत थांबू. वारेतलं रक्त तेवढ्यात बाळाकडे जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोहाची कमतरता भासत नाही. मला ते पटलं होतं. आईलाही पटलं होतं, पंचांग उघडेपर्यंत.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी पुष्य नक्षत्र दुपारी संपत होतं, नेमकं दुसऱ्या पाळीच्या भोंग्याच्या सुमाराला. पुढे आश्लेषा. आश्लेषावर मूल झालं की नक्षत्राची शांत करावी लागते, आणि माझ्या सासरी पहिली बातमी तीच जावी हे आईला नको होतं. त्यात तिच्या माहेरी जन्मवेळ धरत ती नाळ कापल्याची.

तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "मॅडम, भोंपू बजने के पहले नाल काट देना."

"आंटीजी, पहले बच्चा तो आने दीजिए."

"आया की तुरंत काटना."

"नाल में जो खून है, वो भी बच्चे का ही है. उसका हिस्सा कैसे काट दूँ?"

आई माझ्याकडे वळली. "तू तरी सांग त्यांना."

"मला थांबायचंय, आई."

"तू थांबशील गं. नक्षत्र थांबतंय का?"

मला आत नेलं. दाराबाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. बाबांची सगळी नोकरी कारखान्यात कामगारांच्या हजेऱ्या लावण्यात गेली होती.

"मला एक सांग," ते आईला म्हणाले, "माणसाची हजेरी कुठे लागते? गेटवर की मशीनवर?"

"हे काय मध्येच?"

"गेटवर. मग तो डबा ठेवतो, कपडे बदलतो, चहा पितो. मशीनला हात उशिरा लावला म्हणून त्याला लेट मार्क मिळतो का?"

"तुमच्या गेटवर पंचांग नसतं."

"नसतं. भांडण मात्र रोज असतं, आणि निकाल हाच."



बाळ झालं ते भोंग्याच्या जरासं आधी. नर्सने त्याला पुसून माझ्या पोटावर ठेवलं. नाळ जाड, निळसर होती, आणि डॉक्टरीणबाईंच्या बोटांखाली उडत होती. तेवढ्यात भोंगा झाला. त्यांनी चिमट्याला हात लावला नाही. फक्त दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"मॅडम," आईचा आवाज आला, "बच्चा गेट से अंदर आ गया ना? भोंपू के पहले?"

"आ गई, आंटीजी. लड़की है."



"तो फिर आराम से काटो. घाई नका करू."

नाळ पांढरी, लुळी पडल्यावरच कापली. सासरी फोन गेला तो पुष्य नक्षत्राचा.

नवरा दुसऱ्या दिवशी पोहोचला. गाडी इटारसीला रखडली होती. बाबांनी त्याच्या हातातली बॅग घेतली.

"मुलगी वेळेवर आली, जावईबापू," ते म्हणाले. "लेट मार्क तुम्हाला."