मोरूच्या अक्षता

मोरू तांडेल आमच्या डोंबिवलीच्या रक्तपेढीतले कॉम्प्युटर सांभाळायचा. कोपरचा कोळी. बाप नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नसे, आणि हा अक्षता वाहिल्याशिवाय मशीन चालू करत नसे. मी तिथला व्यवस्थापक; थट्टा करायचो, पण त्याच्या हाताला गुण होता.

शहाण्णव सालची खंडेनवमी. सकाळी मोरूने सर्व्हरमधलं कुरकुरणारं नेटवर्क कार्ड काढलं, उघड्या मशीनची पूजा केली आणि नवं कार्ड बसवलं. सर्व्हर सुरू झाला, पण त्याला कार्ड सापडेना. रक्तदात्यांची यादी आत, आणि ती दिसायची फक्त आमच्या टेबलांवर, त्या कार्डाच्या वायरीतून. जुनं रजिस्टर मीच हौसेने रद्दीत घातलेलं.

तेवढ्यात कल्याणच्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, ओ निगेटिव्ह हवं. फ्रीजमध्ये एकच पिशवी होती, ती धाडली. आणखी हवं तर दाता गाठायला हवा होता.

"मालन, पुसताना काय हलवलंस गं?" मोरू झाडपूस करणाऱ्या मालनवर खेकसला.

"मी फक्त टेबल पुसलेलं, मोरूदादा." तिचे डोळे भरले. मीही तिच्याकडे रागाने पाहिलं, याची अजून लाज वाटते.

कार्डाला दिलेला नंबर मशीनमधल्या दुसऱ्या कार्डाच्या नंबराशी भिडत असेल म्हणून मोरूने तो तीनदा बदलला. दर वेळी सर्व्हर बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. परत फोन: "अहो, किती वेळ?"

शेवटी त्याने जुनं कार्ड घातलं. तेही सापडेना.

"सकाळपर्यंत चालत होतं ना हे," तो पुटपुटला. कार्डाच्या कडेवरून बोट फिरवलं; एक टोक किंचित वर होतं. त्याने कार्ड उपसलं, खाचेत बॅटरी मारली आणि चिमट्याने कुंकवाने लाल झालेला अर्धा तांदूळ बाहेर काढला.

नवं कार्ड खटकन बसलं. यादी उघडली, मालनने फोन फिरवले आणि विठ्ठलवाडीचा एक दाता रिक्षाने धावत आला.

संध्याकाळी कळलं, मुलगी झाली, आई वाचली. मोरू खाली मान घालून बसूनच होता.

पुढच्या खंडेनवमीला त्याने आधी मशीनचं झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले. मग अक्षतांची वाटी मालनपुढे धरली.

"तू वाहा, ताई."