शीग न लागणारे शब्द

मालधक्क्यावर पोती तपासत होतो, तेव्हा पोशीरचा आमचा भाऊबंद धोंडू समोर येऊन उभा राहिला. मुंडासे डोक्यावर नव्हते, हातात होते. "नाना, आक्का गेली," एवढेच तो म्हणाला. मी हातातली रांग पुरी केली, कारण गाडी सुटायची होती. मग तिथेच एका पोत्यावर बसलो. आज या गोष्टीला दीड महिना होत आला. तेव्हा बसल्या बसल्या पहिली आठवली ती आक्काची पायली.

आक्का माझी थोरली बहीण. लवकर विधवा झाली, पोशीरला माहेरी परत आली आणि वडिलांमागे तिनेच भातशेती सांभाळली. तिचा हात मोठा. पायली भरून झाली तरी ती वर ओंजळ ओतायची, दाणे चहूकडून ओघळू लागले की मगच थांबायची. आमच्याकडे माप हात फिरवून सपाट करतात ते बाजारात विकताना. घरच्याला, पाहुण्याला, बाळंतिणीला द्यायचे तर वर शीग हवीच. मायेच्या माणसाला सपाट माप घालणे म्हणजे 'तू नकोसा झालास' असे तोंडावर सांगणे.

माझी लेक गोदू बोबडे बोलत होती त्या वर्षी माझी बायको बाळंतपणासाठी खालापूरला माहेरी गेली होती. गोदूला हगवण लागली. तिला सांभाळायला आक्का कर्जतला माझ्या खोलीवर आली. स्टेशनामागच्या दवाखान्यातून मी औषध आणले. एरवी कंपाउंडर पुड्या बांधून देत. त्या दिवशी गर्दी फार होती, म्हणून त्यांनी बाटलीत पूड भरून दिली, सोबत हाडाचा एक इवलासा चमचा. "एक चमचा, सपाट. सकाळी आणि संध्याकाळी. यात अफूचा अंश आहे," त्यांनी बजावले. मी घरी येऊन आक्काला शब्दन् शब्द सांगितला. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलो तर आक्का दारातच तोंडावर बोट ठेवून उभी. "हळू रं नाना, निजलीय. कालपास्नं पयल्यांदा निजली बघ." तिच्या चेहऱ्यावर केवढे समाधान होते... मी आत जाऊन गोदूला हात लावला. अंग थंडसर आणि ओलसर. मान उचलली तर एका बाजूला गळून पडली. श्वास यायचा, मग बराच वेळ यायचाच नाही, आणि आता संपले असे वाटताना पुन्हा यायचा.

माझी हाक ऐकून कंपाउंडर धावत आले. त्यांनी गोदूची पापणी वर केली. डोळ्यातली काळी बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती.

"बाई, किती दिलंत?"

"थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे किती?"

"जरासं वर... चिमूटभर."

"चमचा सपाट केला होतात ना?"

आक्का चिडलीच. "आजारी पोर हाय माजी! तिला सपाट माप घालू? सपाट घालाया ती काय सवतीची हाय?"

कंपाउंडरनी तांदळाच्या पिठाचा डबा पुढे ओढला, हाडाचा चमचा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "जसं दिलंत तसं भरून दाखवा." आक्काने चमचा भरला. वर पिठाचा सुळका उभा राहिला. तो अर्धा ढासळला, तसा तिने बोटाने चेपून पुन्हा उभा केला. त्यांनी ते पीठ कागदावर ओतले, चमच्याने सपाट मापून पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. आक्काने तो चेहरा पाहिला. तिने गोदूला उचलून छातीशी धरले.

स्टेशनातल्या साहेबलोकांच्या उपाहारगृहातून मी काळी कॉफी आणली. ती थेंबथेंब पाजायची, तळव्यांवर टिचक्या मारायच्या, पोरीला निजू द्यायचे नाही, असे काम ठरले. आक्का तिला उभी धरून अंगणात फिरवत होती. पाय जमिनीवरून नुसते घासत जायचे. "गोदे... ए गोदे, मला मार गं. माज्या झिंज्या वढ." गोदू काही करत नव्हती. ऊन उतरले. घाट चढवायला गाडीला मागून इंजिन जोडले, त्याने शिट्टी दिली, आणि गोदू दचकली. ओठ वाकडे झाले आणि ती रडली. आक्का होती तिथेच मातीत बसली.

पुढच्या आठवड्यात ती पडवळे घेऊन दवाखान्यात गेली आणि कंपाउंडरना म्हणाली, "तुमची बारीक मापं मला शिकवा." अक्षर तिला येत नव्हते. इंग्रजीतले तिला आले ते एवढेच: ग्रेन, स्क्रुपल, ड्रॅम आणि पातळ औषधाचा मिनिम. त्यातला ग्रेन तिच्या तोंडी 'गिरेन' व्हायचा. मी विचारले, "आक्का, आपल्याकडे सोनाराची गुंज आहे, मासा आहे. हे कशाला?"

"आपलं समदं माज्या हातात वाढतं रं," ती म्हणाली. "थोडं म्हनलं की थोडं ऱ्हात नाय. ह्या शब्दांस्नी शीग लागत नाय."

पुढे पोशीरात कुणाला हिवताप आला की कोयनेल तिच्या हातून जायचे. बाया चेष्टा करत, "आक्का मडमीण झाली! भाताला राजाचा हात नि दव्याला दुकानदाराचा!" आक्का सुरीच्या पाठीने चमचा सपाट करत म्हणायची, "गिरेन म्हंजे गिरेन. शीग पायजे तर जेवाया ये."

शेवटी तिच्या पोटात दुखणे बसले. डॉक्टरांनी तीच अफूची पूड दिली. गोदू आता दोन लेकरांची आई. ती कशेळ्याहून आत्याच्या सेवेला आली होती. मी भेटायला गेलो त्या दिवशी आक्का कळांनी पिळवटत होती.

"गोदे, जरा वर लाव गं."

गोदूने चमचा बाटलीत घातला. तिने माझ्याकडे पाहिले.

"नाही आत्या. दोन ग्रेन."

"माजी ना तू? जरासं..."

"तुझीच आहे. दोन ग्रेन."

आक्का डोळे मिटून पडून राहिली. आता ती रागावेल किंवा रडेल, असे मला वाटले. मग ती म्हणाली, "सपाट केलंस?"

"केलं."

"मग दे."

तेराव्याला पोशीरच्या घरी जेवणाचे तांदूळ मापायचे होते. काय किती लागेल त्याचा हिशेब मी आधीच मांडून ठेवला होता. गोदूने पायली भरली आणि औषध मापायच्या सवयीने माप सपाट करायला तळहात वर धरला. तो तसाच थांबला. मग तिने हात मागे घेतला आणि वर एक ओंजळ ओतली. अजून एक ओतली. दाणे चहूकडून ओघळून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरले. ते कुणी गोळा केले नाहीत. मीही नाही.