जिजी आणि तिचे डुकराचे कुत्रे

जिजी घाबरायची, आणि घाबरले असं मोठ्याने सांगायची. कुत्र्याला मोकळं सोडण्याआधी, पिल्लाला पहिल्यांदा साखळी लावण्याआधी, अगदी रस्ता ओलांडतानाही तिचं ठरलेलं वाक्य असे, "माका भय वाटता हां." मग ती ते काम करायची. लालबागच्या आमच्या चाळीत तिच्याइतकी भित्री बाई दुसरी नव्हती, आणि रानडुकराच्या अंगावर जाणारे कुत्रे तयार करणारीही दुसरी कुणी नव्हती.

तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत ती एकटी राहायची. दिवसभर ब्लाउज शिवायची. खोलीमागे, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून, एक चिंचोळं अंगण होतं. तिथे तिचे चार-पाच कुत्रे असत. कुडाळकडच्या तिच्या गावात रानडुकरं भाताची उभी शेतं उकरून टाकत. धाकटा भाऊ वसंत तिथे शेती करायचा. वनखात्याची परवानगी मिळाली की तो आणि गावातला एक बंदूकवाला रानात जात, आणि त्यांच्यापुढे जिजीचे कुत्रे. गावठी कुत्रीला ती कारवानी, म्हणजे लांब पायांच्या शिकारी जातीचा, नर दाखवायची. "नाक गावठी होया, पाय कारवानी," ती म्हणे.

पिल्लं जरा मोठी झाली की ती त्यांच्यामागे पत्र्याचा डबा आपटायची. बहुतेक पिल्लं पळून कोपऱ्यात दडत. एखादं जागचं हलतसुद्धा नसे. आम्हाला वाटे, हाच शूर. जिजी नेमका तोच कुणाकडे तरी पाळायला देऊन टाकायची. "ह्याका भयच नाय. हो पयल्याच डुकराक मरतलो." तिला हवं असे ते दचकून मागे सरणारं आणि मग थरथरत डब्याकडे परत येणारं पिल्लू. काळी ही तिची लाडकी कुत्री त्यातलीच.

उन्हाळ्यात मागच्या गल्लीत मिरच्या कांडायला सुरुवात झाली की सगळी चाळ शिंकायची. जिजी अंगणाच्या दाराला ओली चादर टांगून कुत्र्यांजवळ बसून राही. "नाक गेला तर कुत्रो आंधळो," म्हणायची. गणपतीत फटाके वाजायला लागले की तिथेच, त्यांच्या मधोमध. कुत्रे तिला चिकटायचे, ती कुत्र्यांना. कोण कुणाला धीर देतंय ते कळत नसे.

मी वरच्या मजल्यावर राहायचो आणि मला कुत्र्यांची भयंकर भीती. तरी एकदा भाताच्या कापणीआधी जिजीला आणि कुत्र्यांना माझ्या गाडीतून गावी नेण्याचं काम माझ्यावर आलं. टेम्पोवाला ऐन वेळी फिरला होता. इथवर आलाच आहेस तर सकाळी रानातही चल, असं वसंत म्हणाला. नाही म्हणायची लाज वाटली.

सकाळी जिजीही आमच्याबरोबर रानात आली. कुत्र्यांच्या छातीवर तिने स्वतः शिवलेली जाड कॅनव्हासची चिलखतं होती. डुकराच्या सुळ्यापासून तेवढाच आडोसा. काजूच्या बागेखाली एक ओहोळ होता. पुढचे कुत्रे तिथे भुंकायला लागले, तसा वसंत काठी घेऊन उतरला आणि ओल्या दगडावरून घसरला. त्याच क्षणी झुडपातून डुक्कर बाहेर आलं. एकांडा नर, चिखलाने माखलेला. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट. वसंतची किंकाळी ऐकून मी काजूच्या झाडाला मिठी मारून उभा राहिलो. बंदूकवाला ओरडत होता, "वसंत मधी आसा! मारू कसो?"

काळी जिजीच्या हातात होती, साखळीला. जिजीचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने तोंड उघडलं, पण नेहमीचं वाक्यही बाहेर आलं नाही. साखळीचा आकडा निघेना. शेवटी निघाला.

"काळ्ये, जा!"

काळीने डुकराचा कान धरला. डुक्कर वसंतला सोडून तिच्याकडे वळलं, दोघं गरगर फिरली, काळी उडून पडली आणि बार झाला. डुक्कर कोसळलं. जिजी खाली बसली आणि भडाभडा ओकली. मग रांगतच वसंतकडे गेली.

वसंतची मांडी फाटली होती. तो वाचला, पण पाय कायमचा ताठला. चिलखतामुळे काळीची छाती वाचली. पुढचा पाय मात्र डॉक्टरला कापावा लागला.

पावसाळ्याआधी जिजीने मशीन विकलं आणि गावी निघाली. मी म्हटलं, "जिजी, तुला रानाची एवढी भीती. कशाला जातेस?"

"वसंत आता कुत्रे कसो धरतलो?"

बाकीचे कुत्रे टेम्पोत चढले. काळीची साखळी तिने माझ्या हातात दिली. "थंय डुकराचो वास इलो की ही तीन पायांर धावतली. हंय ऱ्हवली तर जगतली."

"जिजी, मला तिची भीती वाटते."

"वाटू दे. तिकाय तुझी वाटता."

टेम्पो गेला. काळी दोन दिवस जेवली नाही. मी ताटली झाडूने पुढे सरकवायचो आणि मागे पळायचो. तिसऱ्या दिवशी हाताने सरकवली. रविवारी जिजीचा फोन यायचा. माझ्याशी दोन शब्द, मग, "फोन तिच्या नाकाकडे धर." थोडा वेळ काळीचा श्वास ऐकायची, "बरी आसा" म्हणायची आणि फोन ठेवायची.

गेल्या श्रावणात एका रविवारी त्याच नंबरवरून वसंत बोलला. तापाचं निमित्त झालं होतं. "जिजी गेली रे," तो म्हणाला. त्याच्या मागे तिचे कुत्रे भुंकत होते. ते ऐकून कोपऱ्यातली काळी उठली, लंगडत आली आणि अंग ताठ करून माझ्यासमोर उभी राहिली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि फोन तिच्या कानाशी धरला. तिकडे वसंतनेही फोन ठेवला नाही.