टेम्पोतली हळद

ओल्या हळदीचा वास आला की मला अंजूरच्या रस्त्यावर अडकलेली माझ्या टेम्पोची केबिन आठवते. जिवलग मित्राचं लग्न होतं. त्याच्या घरची जमीन गोदामांना गेल्यापासून पैसा आला होता, म्हणून हळदीलाच राजवाड्याचा देखावा उभा केला होता. बाकीचे दोस्त फुलं लावलेल्या गाड्यांतून गेले आणि मला, स्वतःच्या घामाने टेम्पो घेतलेल्याला, शेलारहून धवलारीण आणायला धाडलं. हळदीची गाणी म्हणणारी ती म्हातारी दुसऱ्या घरची हळद उरकूनच आली होती, हात अजून पिवळे, ओले होते. वाटेत कंटेनरांनी चहूबाजूंनी असं दाबलं की दारही उघडेना. हॉर्न दाबून मी शेजारच्या ड्रायव्हरवर ओरडलो. तो म्हणाला, "भाई, उडके जाऊं क्या?" म्हातारी हसली. "तू तापून गाडी हालायची न्हाय, पोरा." तेवढ्यात मित्राचा फोन आला. वेळ टळत होती आणि धवलारणीच्या गाण्याशिवाय त्याची आई हळद लावू देईना. "अरे, तिला फोनवरच गायला सांग," मित्र म्हणाला. मग इंजिन बंद करून, तिच्या तोंडापाशी फोन धरून मी अवघडून बसलो. ती डोळे मिटून गायली. पलीकडे हळद लागली, एकच जल्लोष झाला आणि फोन कट झाला. मी कुठवर पोचलो, हे कोणी विचारलं नाही. अजूनही त्याच्या घरी कार्य निघालं की पत्रिकेआधी टेम्पोसाठी फोन येतो. दोस्तीच्या हक्काने भांडेल म्हणून मी मुद्दाम दुप्पट भाडं सांगतो, आणि तो 'कमी कर' असं एकदाही म्हणत नाही.