पाचवं शील

तुरुंगाच्या दारात मला न्यायला कोणी येऊ नये, असंच वाटत होतं. येणार तरी कोण? आई गेलेली, भावानं नाव टाकलेलं. दारूपायी घरातली भांडी विकून झाली होती, आणि शेवटी मी तेल्हाऱ्यातल्या आमच्या विहाराचा लाउडस्पीकर उचलून विकला. बुद्धाच्या घरात चोरी! अकोल्याच्या तुरुंगात दारू तुटली तेव्हा कानात आवाज यायला लागले. पण त्या आवाजांपेक्षा गावात तोंड दाखवायचं भय मोठं होतं.

बाहेर आलो तर विहाराच्या महिला मंडळातल्या शांताकाकू उभ्या. पोलिसांत गेल्या होत्या त्याच. मी मान खाली घालून सटकायला लागलो, तर त्यांनी दंडच धरला.

"तक्रार बी मीच केली अन् न्याले बी मीच आली. चाल आता."

आधी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या घेतल्या, मग एसटीत बसवलं. विहारामागच्या खोलीत माझी सोय केली होती. लाउडस्पीकर मी तिथूनच पळवला होता. काहीजण कुरकुरले, चोराला इथंच ठेवता का म्हणून. त्यांचं तरी काय चुकलं? मंडळाच्या बायांनी पाळ्या लावल्या. ज्या घरची पाळी, त्या घरचा डबा, आणि गोळी त्यांच्यासमोर गिळायची. वर तोंड उघडून दाखव म्हणायच्या. दिवस मावळला की जीव दारूकडे ओढ घ्यायचा. तेव्हा कोणीतरी माणूस येऊन बसायचा आणि कापसाच्या गप्पा हाणायचा. मला त्यांच्याकडे बघवत नसे. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पौर्णिमेला वंदनेसाठी मी दाराशी, चपलांजवळ बसलो. पांढऱ्या लुगड्यातल्या काकू शीलं सांगत होत्या, बाकीचे मागून म्हणत होते. चोरी न करण्याच्या शीलाला माझे कान तापले. खोटं बोलणार नाही, हे चौथंही कसंबसं म्हटलं. मग पाचवं आलं, नशा न करण्याचं. आत्ताच खोटं न बोलण्याचं शील घेतलं, आता लगेच खोटं कसं बोलू? मी उठून निघालो.

काकू थांबल्या. कायले उठला, म्हणून विचारलं. माझ्याच्यानं हे पाळणं होणार नाही, मी कसंबसं सांगितलं. सगळं विहार ऐकत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाळशील का नाई, हे आज कोनाले मालूम? तू सरन आला ना? बस मंग. एकट्यानं नोको म्हनू."

आणि त्यांनी पाचवं शील पुन्हा सुरू केलं. ज्या म्हाताऱ्यांनी जन्मात दारूचा थेंब चाखला नाही, त्यांनीही दारू सोडायचं ते शील माझ्यासाठी दुसऱ्यांदा घेतलं. त्यांच्या आवाजात माझा आवाज कधी मिसळला, मला कळलं नाही. मी लहान पोरासारखा रडत होतो.

तेव्हापासून प्यायलो नाही. ही तथागताची करुणा, गोळ्यांचा गुण की बायांचा धाक, मला सांगता येणार नाही. संध्याकाळी जीव अजून ओढ घेतो. ज्यांनी मला जवळ केलं, त्यांच्यापुढे मान आजही वर होत नाही. शरण जायचं तर आधी चांगलं व्हावं लागतं, अशी माझी समजूत होती. मी गेलो तो माझी लाज घेऊनच गेलो, आणि त्यांनी मला तिच्यासकट बसवून घेतलं.