आबालायानला मानाचं बोलावणं

आमच्या चिरंजीवांनी लग्न जमवलं ते जहाजावर. तो तिथे स्वयंपाक करतो, ती तिथे पाहुण्यांच्या खोल्या आवरायची. घरी चहाचा कप उचलून मोरीत ठेवायला ज्याच्या जिवावर यायचं, तो समुद्रावर जाऊन परक्यांसाठी पोतंभर कांदे चिरतो. यावर मी काही बोलले नाही. म्हणजे पुष्कळ बोलले, उपयोग झाला नाही.

सून फिलिपीन्सची. त्यातही उत्तरेकडची, इलोकानो बोलणाऱ्यांपैकी. आमच्या देवासच्या गल्लीला ह्यातलं काही कळायची गरज वाटली नाही. "नूडल्स चांगल्या करत असेल नै?" एवढी एकच चौकशी सगळ्यांनी केली. ती मात्र महिन्याभरात भाजीवाल्याला "भिया, सही लगाओ ना" म्हणायला शिकली. मुलगा पुन्हा जहाजावर गेला आणि आम्ही दोघी घरात उरलो. ती मला आई म्हणायची. सांगेन ते सगळं हसून ऐकायची. मी आक्काला, म्हणजे धारच्या माझ्या थोरल्या बहिणीला, फोनवर रोज सांगायचे की अशी सून नशिबाने मिळते.

मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच. पण डॉक्टरीणबाईंनी विमानात पाय ठेवायचा नाही असं बजावलं. तेव्हा माहेरालाच इकडे आणणं आलं. सुनेचे वडील नाहीत. आई खेड्यात राहते, भात आणि लसूण पिकवते, विमानात कधी बसलेली नाही. मुलाने तिकीट काढतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, नको, परक्या घरात माझी अडचण कशाला. एक दिवस लसूण सोलता सोलता सून म्हणाली, "आई, मेरेको माझी आई पाहिजे." पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मला ते लागलं.

आक्का धारहून आली ती माझ्यावर तोंड सोडायलाच.

"विहीण काय मुलीच्या फोनवर उठून येते? मुलीच्या सासूने स्वतः बोलवावं लागतं. मानाने. आपल्याकडे अक्षत घेऊन दारात जातात."

"मग काय, अक्षत घेऊन फिलिपीन्सला जाऊ?"

"तोंड आहे ना तुला? दिवसभर तर चालू असतं!"

विहिणीला इंग्रजी येत नाही, हिंदी-मराठीचा तर प्रश्नच नाही. म्हणजे मला इलोकानो शिकणं भाग होतं. माझ्या पोटचा मुलगा हिंदी शाळेत शिकून असा तयार झाला की लग्नपत्रिकेतलं मराठी बोट ठेवून वाचतो. पुण्याचे नातेवाईक माझ्या बोलण्यात "अरे यार" आलं की नाक मुरडतात. आणि मी साठी उलटल्यावर फिलिपीन्सच्या खेड्यातली भाषा घोकायची. वा रे नशीब!

सूनबाई शिकवायला बसल्या की त्यांचं हसू कुठल्या कुठे जायचं. मी तिला "पोळी" आणि "केळं" यातला ळ शंभरदा म्हणायला लावला होता, ते तिने व्याजासकट वसूल केलं. सकाळी भेटलं की "नाइंबाग आ बिगात". पण मोठ्या माणसाला नुसतं तसं म्हणायचं नाही, शेवटी "यो" लावायचा, "बिगातयो". आपलं अहो-जाहो तेच हे. ती पोरगी मला दारापाशी अडवून म्हणायला लावायची. यो राहिला की चहा गार होईपर्यंत सुटका नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. इंग्रजीत विहिणीला शब्दच नाही. "मुलाच्या बायकोची आई" असं सांगत बसा, तोवर ती विहीण रुसून घरी जाईल. इलोकानोत आहे. आबालायान. मुलगा-मुलगी एकमेकांना दिली की दोन्हीकडचे आईबाप एकमेकांचे आबालायान. मी म्हटलं, चला, माणसं शहाणी आहेत.

ठरल्या दिवशी मी नऊवारी नाही, पण चांगली माहेश्वरी नेसले, कुंकू लावलं, आणि फोन समोर धरून म्हटलं, "नाइंबाग आ बिगातयो, आबालायान. उमायकायो दितोय बालायमी." या आमच्या घरी. पलीकडे एक काटक, उन्हाने रापलेली बाई आधी बघत राहिली, मग टाळ्या वाजवून हसली. "वेन, वेन, आबालायान!" वेन म्हणजे हो. मी तिथल्या तिथे मुलाला तिकिटाचा निरोप पाठवला, आक्काला फोन केला, गल्लीत दोन घरी सांगूनही आले.

"आई, ती नाही येणार," सून म्हणाली. "माझी आई जावयाला नको म्हणेल, पण मानाच्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाही. तुम्ही मोठ्या, मानाने बोलावलं. ती वेनच म्हणेल."

मी भडकले. ही काय पद्धत झाली! आणि मग बोलता बोलता थांबले, कारण ही आमचीच पद्धत. आक्काच्या सासरचं शेत तिरल्याजवळ आहे. ती दर वर्षी ये म्हणते आणि मी दर वर्षी "हो हो, येऊ ना" म्हणते. मी ते शेत अजून पाहिलेलं नाही. अख्ख्या माळव्यात "येऊ ना" म्हणून कोणी कुठे गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेवढ्यात माझ्या डोक्यात भलताच प्रकाश पडला. "मग माझ्या डिंकाच्या लाडवांना तू रोज छान म्हणतेस, ते?"

तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकीखाली गल्लीतली गाय उभी होती, वेळेवर आल्यासारखी. तब्येत झकास झाली होती तिची. माझं घरचं तूप, गोंदियाहून मागवलेला डिंक, आणि पुष्ट झाली ती गाय!

"मग खावंसं तरी काय वाटतं तुला?"

"आईच्या हातचं," ती म्हणाली, आणि लगेच घाबरून, "पण लाडू पण छान होते."

त्या दिवशी मी जेवले नाही. राग होता, पण गाईचा नाही. मी सगळ्यांना सांगत फिरले की सुनेला तळहातावर ठेवलंय, आणि पोरगी माझ्या डोळ्यांसमोर उपाशी राहत होती. मनगटं काड्यांसारखी झालेली, आणि मी ते बघितलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "मला येत नाही, मला कळत नाही, हे तुमच्यात कसं म्हणतात?" तिला वाटलं मी टोमणा मारतेय, तरी तिने सांगितलं, "दियाक आम्मो." केवढंसं ते! पण चाळीस वर्षांच्या संसारात मी ते मराठीतसुद्धा कोणाला म्हटलेलं नाही. सासूला तर नाहीच नाही.

फोन लागला. मी माहेश्वरी नेसले नव्हते, नमस्कार-चमत्कार केला नाही. सुनेचा हात धरून ते मनगट फोनसमोर आणलं आणि म्हटलं, "आबालायान, दियाक आम्मो. तुलोंगानदाक." मला कळत नाही. मला मदत करा.

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, आणि त्यांचा जो पट्टा सुटला त्यातलं मला काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती, कुठल्याही आईचा तो आवाज ओळखू येतो. पाय सुजतात का, झोप लागते का, उलटी होते का, सून मला मधे मधे सांगत होती. मग बाईंनी विचारलं, मारुंगाय मिळतो का? म्हणजे शेवगा, आमच्याकडे सुरजना म्हणतात तो. त्याच्या पाल्याचं पातळ सार बाळंतिणीला देतात म्हणे. मी म्हटलं, झाड आहे की आक्काच्या बांधावर, शेंगा आम्ही खातो, पाला बकऱ्यांना. सुनेने ते भाषांतर करून सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

आणि त्या उठून गेल्या. फोन तसाच पडला होता, त्यात नुसते छताचे पत्रे दिसत होते. लांबून आरडाओरडा ऐकू यायला लागला. झालं, म्हटलं, दुखावलं विहिणीला.

"काय म्हणतेय? रागावली?"

सून तोंडावर हात ठेवून ऐकत होती. "शेजारणीला हाक मारतेय. म्हशीला कधी पाणी दाखवायचं, गवत कुठलं घालायचं, ते सांगतेय."

मी इतकी वर्षं बायका बघतेय. "हो हो, येऊ" म्हणणारी काही विचारत नाही, काही सांगत नाही. जिने म्हैस शेजारणीच्या गळ्यात बांधली, तिची पिशवी भरलेलीच असते.

"आली गं तुझी आई," मी म्हटलं.

इतके महिने सारखी हसणारी ती पोरगी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि "नानांग, नानांग" करत मोठमोठ्याने रडली. नानांग म्हणजे आई. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, मत्सरही वाटला. गुडघे कुरकुरत होते तरी मी तिच्याशेजारी खाली बसले. ह्या घरात येऊन माझ्यासमोर ती पहिल्यांदाच मनासारखं वागत होती. मी तिला गप्प केलं नाही.